अण्णांचं बाळंतपण

वाळलेले अण्णा हल्ली उपनगरातल्या प्रत्येक सोसायटीत एक तरी निघतात. बोरिवलीला बाभईत आहेत, अंधेरीत आहेत, घाटकोपरला पंतनगरात एकाच मजल्यावर दोन आहेत असं ऐकतो. मी आमच्या मुलुंड पूर्वेच्या अण्णांबद्दल लिहितो, कारण ते रोज दिसतात. म्हणजे आता दिसतात. मध्यंतरी समोरून आले तरच दिसायचे, बाजूने गेले तर नुसता शर्ट जायचा.

वय ५८, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती, उंची पाच फूट आठ इंच. नोकरीत असताना वजन ७२ किलो. आपल्याकडच्या माणसाचा बीएमआय २३च्या वर गेला की वजन जास्त धरतात. अण्णांचा २४ होता. तीन-चार किलो उतरवले असते तर विषय संपला असता. पण ज्याने आयुष्यभर मार्चअखेरचं टार्गेट गाठलं तो माणूस आकडा पुरा झाला म्हणून थांबत नाही, पुढच्या वर्षाचं आताच करून ठेवतो. अण्णा ५४वर येऊन टेकले तेव्हा त्यांचा चौथा हिस्सा गेलेला होता.

२०१८-१९च्या सुमाराला महाराष्ट्रात जेवणाचे दोन पक्ष होते हे वाचकांना आठवत असेल. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं म्हणणं, दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत आटपा आणि रोज ४५ मिनिटं चाला. मूळ विचार नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं म्हणणं, थोड्या थोड्या वेळाने खा, तूप सोडू नका, आजी जे खायची ते खा. घराघरांत फूट पडली होती. नवरा दीक्षित, बायको दिवेकर आणि सून सकाळी नाश्ता कुणाला विचारायचा या पेचात. अण्णा तेव्हा नोकरीत असल्यामुळे तटस्थ होते. निवृत्तीनंतर, लाट ओसरल्यावर, त्यांनी दीक्षित पक्षात प्रवेश केला. आणि उशिरा पक्षात आलेला माणूस जुन्यांपेक्षा कडवा असतो. यात त्या डॉक्टरांचा काही दोष नाही. त्यांनी दोनदा पोटभर जेवायला सांगितलं होतं; अण्णांनी ‘दोनदा’ ठेवलं आणि ‘पोटभर’ गाळलं. वर भात बंद, तेल बंद, तूप बंद आणि चालणं दुप्पट ही त्यांची स्वतःची भर.

बारीक होत होते तोवर अण्णांचा रुबाब होता. लग्नाच्या पंगतीत मोबाईलवर ५५ मिनिटांचा गजर लावून बसायचे. ‘दोन वेळा’ नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, स्वतः अ‍ॅडमिन. संध्याकाळी चिंतामणराव देशमुख उद्यानात त्यांच्याबरोबर चालायला माणसं असायची आणि चालता चालता ते इन्शुलिनवर बोलायचे. मग एक दिवस लोकांचा स्वर बदलला. उपनगरात माणूस एका मर्यादेपलीकडे वाळला की कौतुक बंद होतं आणि चौकशी सुरू होते; ती ठरलेल्या क्रमाने होते. आधी “शुगर निघाली का?” मग “मुलाचं काही टेन्शन?” त्यानंतर अण्णांना न विचारता वहिनींना, लिफ्टमध्ये, आवाज खाली आणून, “रिपोर्ट काय म्हणतायत?” पहिल्या मजल्यावरचे एकजण तर शहाळं आणि पार्ले-जीचा पुडा घेऊन भेटायला आले. अण्णांनी दार उघडलं तर म्हणाले, “अरे, उठून कशाला आलात?”

शेवटी वहिनींनीच त्यांना तळमजल्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. हे डॉक्टर जुन्या वळणाचे, पेशंटला खुर्चीत बसवायच्या आधी काट्यावर उभं करतात. मुद्दाम काही न करता सहा महिने-वर्षभरात ५ टक्क्यांहून जास्त वजन गेलं तर कारण शोधावंच लागतं. अण्णांनी मुद्दाम केलं होतं, तरी डॉक्टरांनी सगळं करून घेतलं: साखर, थायरॉईड, छातीचा एक्स-रे, रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फेट. सगळं नॉर्मल. “तुम्हाला आजार काही नाही,” डॉक्टर म्हणाले, “शिस्त झालीय.” आणि मग ते चिडले. त्यांच्याकडे टीबीचे पेशंट येतात, एकेका किलोसाठी झटणारे. खाण्यासाठी सरकार त्यांना निक्षय पोषण योजनेत २०१८पासून महिना ५०० रुपये देत होतं, नोव्हेंबर २०२४पासून हजार झाले. “त्यांचं वजन जंतू खातो. तुमचं कोणी खाल्लं?” अण्णांकडे उत्तर नव्हतं, ही घटना सोसायटीच्या इतिहासात पहिलीच.

डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली ती मला वहिनींकडून कळली. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या राजीखुशीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. युद्धात होरपळलेल्या युरोपातल्या भुकेल्यांना पुन्हा खातंपितं कसं करायचं हे शोधण्यासाठी. त्या मुलांचं वजन जवळपास चौथा हिस्सा उतरलं, आणि त्यांना खाण्याखेरीज काही सुचेना. पाककृतींची पुस्तकं वाचायचे, ताटल्या चाटायचे, जेवणाची स्वप्नं पाहायचे. इथे वहिनींनी अण्णांकडे पाहिलं. कारण गेले कित्येक महिने रात्री ११ नंतर अण्णा कानात इअरफोन घालून यूट्यूबवर पुरणपोळीचे व्हिडिओ बघत होते, आणि वहिनींना वाटत होतं माणूस प्रवचन ऐकतोय.

डॉक्टरांचा सल्ला अगदी कंटाळवाणा होता. आहे त्यापेक्षा रोज ३०० ते ५०० कॅलरी जास्त, हळूहळू. आठवड्याला पाव-अर्धा किलोच्या वर नाही. सकाळचा नाश्ता परत. प्रथिनं दिवसाला ६५ ग्रॅमच्या आसपास. आणि वजन उचलायचं, कारण उपासमारीनंतर परत येताना चरबी पहिली येते, स्नायू रेंगाळत येतात. नुसतं खाल्लं तर सगळं पोटावर बसेल. फार काळ उपाशी राहिलेल्याला एकदम भरमसाट खायला घातलं तर रक्तातले क्षार कोसळून जीवावर बेतू शकतं, तेव्हा घाई नको. वहिनींनी हे सगळं कागदावर लिहून घेतलं. बातमी मात्र लिफ्टने वर जाईपर्यंत एवढीच उरली: अण्णांना खायला सांगितलंय.

आणि मग सोसायटी कामाला लागली.

मराठी स्वयंपाकघरात अशक्त माणसाला भरून काढायचं जे काही शास्त्र आहे ते सगळं बाळंतिणीसाठी रचलेलं आहे. पुरुषमाणूस वाळू शकेल ही शक्यता आपल्या पूर्वजांनी धरलीच नव्हती. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आल्या त्या हळिवाचे लाडू घेऊन. नारळाच्या पाण्यात भिजवून फुगवलेले हळीव, ओलं खोबरं, गूळ. दुसऱ्या काकूंचे डिंकाचे. खारीक, खोबरं, खसखस, गोडंबी, आणि तळलेला डिंक दाताखाली कुर्रकन फुटणारा. शेजारच्या आजींनी मेथीचे दिले आणि सोबत बाळंतशोपेची बाटली. “जेवणानंतर चिमूटभर चावा अण्णा, दूध भरपूर…” इथे आजी थांबल्या, अण्णांकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, “म्हणजे पचन सुधारतं.” ए विंगमधल्या कच्छी बेननी अडदियाचा डबा पाठवला: उडदाचं पीठ, तूप, डिंक, सुंठ, एक वडी खाल्ली की संध्याकाळपर्यंत माणूस बोलत नाही. कुणीतरी कान झाकून बसायलाही सांगितलं. अण्णा मफलर गुंडाळून, डिसेंबरात मुलुंडला असते तेवढ्या थंडीत, गॅलरीत बसून दिसायला लागले. वहिनी म्हणाल्या, “माझ्या दोन्ही बाळंतपणांत मिळून एवढे लाडू आले नव्हते.”

गंमत अशी की वजन जागचं हललं नाही. आकसलेल्या पोटात सकाळी दोन लाडू गेले की दुपारी जेवणाला जागा उरायची नाही. डॉक्टरांना सांगावं लागलं, “अहो, लाडू जेवणाच्या वर, जेवणाच्या जागी नाही.” अंधेरीचा पुतण्या जिममध्ये जातो. तो ‘मास गेनर’चा बादलीएवढा डबा घेऊन आला. डॉक्टरांनी चष्मा वर करून लेबल वाचलं, बहुतेक माल पिष्टमय आहे असं सांगितलं आणि सातूचं पीठ, गूळ, दूध लिहून दिलं. पुतण्याचा अपमान झाला. त्याने तो भरून काढायला काकांना घाटकोपरच्या खाऊगल्लीत नेलं आणि चीज घातलेला डोसा, चीज घातलेलं सँडविच आणि चीज घातलेलं आणखी काहीतरी खाऊ घातलं. पुढचे दोन दिवस अण्णा घराबाहेर पडले नाहीत आणि तोवर कसाबसा मिळवलेला एक किलोही गेला.

त्यानंतर अण्णांनी कारभार हातात घेतला. एक जाड रजिस्टर आणलं, डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर नावे. मूठभर शेंगदाणे, प्रथिनं ७ ग्रॅम, जमा. दूध एक ग्लास, ८ ग्रॅम, जमा. बागेत दोन फेऱ्या, नावे. अंडं ६ ग्रॅम, पण अंड्याचं खातं अडचणीचं. या घरात अंडं स्वयंपाकघरात येत नाही. त्यासाठी गॅलरीत वेगळी शेगडी आणि वेगळं पातेलं मंजूर झालं. सोमवार, गुरुवार, शनिवार वर्ज्य. चतुर्थ्या, एकादश्या आणि अख्खा श्रावण वर्ज्य. “माझं प्रोटीन पंचांगावर अवलंबून आहे,” अण्णा हताशपणे म्हणाले. पण त्याच रजिस्टरातून त्यांना एक शोध लागला: वजन हमखास वाढतं ते उपासाला. साबुदाणा, दाण्याचं कूट, बटाटा, तूप, वर दाटसर दही. संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी काटा न चुकता पुढे सरकलेला असायचा. डॉक्टर म्हणाले, त्यात पाणीही असतं. अण्णांनी ते मान्य केलं नाही.

काट्यावरही त्यांचा विश्वास नाही. घरी एक, केमिस्टकडे एक, आणि दोन्हींत ४०० ग्रॅमचा फरक. पूर्वी रेल्वे स्टेशनांवर रंगीत दिवे लुकलुकणारं यंत्र असायचं. नाणं टाकलं की खटकन पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं, त्यावर वजन आणि भविष्य. वजनाबद्दल वाद असायचा, भविष्य मात्र नेहमी उत्तम निघायचं. अण्णांना तसलं यंत्र सोसायटीच्या गेटपाशी हवंय. जनरल बॉडीत ठरावही मांडून झाला.

व्यायामाचं खातं मात्र त्यांनी मनावर घेतलं. डंबेल्सना पैसे कशाला, म्हणून दोन्ही हातांत पाच-पाच किलोच्या आट्याच्या पिशव्या घेऊन ते गच्चीवर उठाबशा काढतात. लहान मुलांचा समज झालाय की अण्णांना शिक्षा झालीय, आणि त्यांच्या मते ती योग्यच आहे.

माझं स्पष्ट मत विचाराल तर या जातीच्या माणसाला नुसतं जेवता येत नाही. त्याला जेवायला सिद्धांत लागतो, आणि सिद्धांत सापडला की श्रोता लागतो. अण्णा ‘दोन वेळा’चे ‘चार वेळा’ झाले तरी प्रचार तोच, आवाज तोच, बोट वर करून थांबायची लकब तीच. ज्या माणसांना त्यांनी पोहे सोडायला लावले त्यांनाच आता सकाळी गाठून सांगतात, “नाश्ता चुकवू नका, स्नायू जातात.” त्या बिचाऱ्यांची साखर दोन जेवणांवर खरोखरच आटोक्यात आलेली, त्यांनी आता काय करायचं? एकाने तसं विचारलंही. अण्णा म्हणाले, “ते तुमचं तुम्ही डॉक्टरांना विचारा,” जे त्यांनी स्वतः वर्षभर आधी करायला हवं होतं. ग्रुपचं नाव बदलून त्यांनी ‘चार वेळा’ केलं. त्या रात्रीत अकरा जण बाहेर पडले आणि एका गृहस्थांनी ‘दोन वेळा (मूळ)’ असा नवा ग्रुप काढला. अण्णांना त्यात घेतलेलं नाही. तिथे काय चाललंय हे कळावं म्हणून त्यांनी वहिनींना पेरलंय.

परवा काटा ६२वर गेला. गाल भरले, हाक मारली की मान पूर्ण वळते, शर्टाच्या आत कोणीतरी असल्याचं जाणवतं. पोट थोडं पुढे आलंय, डॉक्टरांनी टेप लावून मोजलं आणि आट्याच्या पिशव्या चालू ठेवायला सांगितल्या. काकूंचे लाडू थांबले. दोघींना थोडं चुकल्यासारखं झालंय, सध्या त्या बी विंगमधल्या एका मॅरेथॉनवाल्या मुलावर नजर ठेवून आहेत.

राहता राहिल्या पँटी. ५४ किलोच्या दिवसांत, आता आपण आयुष्यभर असेच राहणार अशा खात्रीने, अण्णांनी नऊच्या नऊ पँटी कमरेत आत घेऊन उरलेलं कापड कापून टाकायला लावलं होतं. त्या आता मांडीवरच अडतात. नवीन तीन शिवायला टाकल्या तेव्हा गव्हाणपाड्याच्या टेलरने कमरेला टेप लावला, आकडा वहीत लिहिला, मग अण्णांकडे बघून खोडला. “किती ठेवू?” अण्णांनी ठामपणे ३३ सांगितलं. टेलरने पेन्सिल कानावर खोचली. “तेहतीसच शिवतो,” तो म्हणाला, “पण आत दोन्हीकडे दोन-दोन इंच माया सोडतोय. या खेपेला कापायला सांगू नका.”