बिनआवाजाचं वाद्य

ढोल-ताशा पथकात सगळ्यांना आवाज असतो, ध्वजवाल्यांना तेवढा नसतो. ढोलाचा ठोका चुकला तर चार गल्ल्यांना कळतं. ताशाची काडी निसटली तर पुढे चाललेला म्होरक्या मान वळवतो. ध्वज चुकला तर फक्त शेजारच्याला कळतं, कारण काठी त्याच्याच कानाजवळून जाते. यवतमाळचा दुर्गोत्सव कलकत्त्याखालोखालचा, हे आम्ही पाहुण्यांना चहाच्या आधी सांगतो. त्या उत्सवात मी ढोल सोडून ध्वज धरला तो काही तत्त्वासाठी नव्हे. ढोल कमरेला बांधावा लागतो आणि माझ्या कमरेचं मत वेगळं होतं.

पथकातल्या दोघींनी मला स्वतःच्या हातांनी रंगवलेले दोन रेशमी झेंडे दिले, तेव्हा घरात पहिला प्रश्न आला तो उपयोगाचा. जाऊबाईंनी कापड चिमटीत धरलं, उजेडाकडे केलं आणि निकाल दिला, "याच्यात तं दोन ब्लाऊज निंगतीन वं!" त्यांचं तरी काय चुकलं? आमचा जिल्हा कापसाचा. शकुंतला रेल्वेने एके काळी इथला कापूस लादून नेला, त्याचं कापड परक्या देशात विणलं गेलं, तरी आम्ही कापसाचेच राहिलो. आता काही शेतकरी तुती लावून रेशीमकिडे पाळतात, पण रेशीम अंगावर घ्यायचं ते लग्नात आणि ठेवायचं ते डांबरगोळ्यांत, ही समजूत काही हललेली नाही. रेशीम काठीला बांधून भर दत्त चौकात हवेत भिरकावायचं म्हणजे माणूस एक तर फार श्रीमंत झालाय किंवा त्याला ऊन लागलंय.

बाजारातला झेंडा बहुधा सॅटिनचा असतो. चमकतो, टिकतो, कोणाचाच नसतो. फिरवला की फडफडतो आणि थांबवला की गप पडतो. रेशमाचं तसं नाही. पातळ रेशमाचं वजन मॉमे नावाच्या मापात सांगतात. एक मॉमे म्हणजे चौरस मीटरला सुमारे ४.३४ ग्रॅम. पाच मॉमेचं कापड घेतलं तर अख्ख्या चौरस मीटरचं वजन २२ ग्रॅमच्या आत, जेमतेम पाच चमचे साखर. असं कापड हात थांबल्यावरही थांबत नाही. मी वळून उभी राहिलेली असते आणि झेंडा अजून मागच्या ठेक्यावर असतो. पहिल्या सरावात वाटलं, कोणीतरी मागून धरलंय.

एकीला आपल्या भागाचा अभिमान म्हणून कोसा वापरायचा होता. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढणारा, भंडाऱ्याकडे मोहाडी-आंधळगावच्या कोष्ट्यांच्या मागावर विणला जाणारा कोसा. त्याचा मूळचाच सोनेरी-मातकट रंग इतका ठाम, की वरून दिलेला रंग त्याच्याशी वाद घालत बसतो. शिवाय तो अंगाने जड. कोशाचा झेंडा नाचत नाही, सभेला चालल्यागत चालतो. शेवटी तुतीचं पातळ रेशीम आणलं.

रंग मात्र इथलाच. फाल्गुनात पांढरकवड्याकडे, घाटंजीकडे गेलं की रस्त्याच्या कडेचे पळस पेटलेले असतात. खाली पडलेली फुलं वेचायची, सावलीत वाळवायची आणि आश्विनापर्यंत डब्यात कोंडायची. कापडाला आधी तुरटीच्या पाण्यात मुरवायचं, नाहीतर रंग पहिल्याच धुण्यात गाशा गुंडाळतो. फुलांच्या काढ्यात नुसतं बुडवलं तर पिवळं येतं. चिमूटभर चुना पडला की केशरी होतं, पण जास्त पडला तर रेशीमच विरतं. आणि पाणी उकळू द्यायचं नाही, रेशमाची झळाळी जाते. पळसाला पानं सगळीकडे तीनच असतात, पण रंग प्रत्येक पातेल्यात निराळा निघतो. माझ्या एका झेंड्याच्या मधोमध एक फिकट ढग राहिलाय आणि कडेला गाठीची पांढरी वर्तुळं. "हे मुद्दाम आहे," असं रंगवणारीने मी विचारायच्या आधीच सांगितलं. कलावंताने 'मुद्दाम' म्हटलं की उलटतपासणी करायची नसते. दुसरा झेंडा मंजिष्ठेचा, तांबडा. त्यात काहीच मुद्दाम नाही आणि म्हणून तो मला जरा कमी आवडतो.

झेंडा नाचवण्याचं हे वेड आमचंच नाही. इटलीतल्या सिएना शहरात १७ मोहल्ले आहेत आणि २ जुलै व १६ ऑगस्टच्या घोड्यांच्या शर्यतीआधी त्यांची पोरं नगाऱ्याच्या तालावर झेंडे आभाळात फेकून झेलतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये एड्सने गेलेल्यांच्या स्मरणार्थ राखलेलं एक वन आहे. तिथे मंडळी जमून हाताने रंगवलेलं रेशीम नाचवतात. काठी नाहीच, कापडाच्या कडेला बारीक वजन शिवलेलं आणि दोन हातांत दोन झेंडे. तिथल्या समलिंगी लोकांच्या नाचघरांत वाढलेली ही कला. साथीने त्यांच्यातली किती माणसं नेली, पण नाच थांबला नाही. आणि आपल्या वारीत, रिंगण लागलं की आधी झेंडेकरी धावतात. तुळस, वीणा, टाळ-पखवाज सगळे त्यांच्या मागून. तिथे बिनआवाजाच्या माणसाला पहिला मान आहे. पथकांनी हे वारकऱ्यांकडून शिकायला हरकत नव्हती.

दिलेल्या झेंड्याची खरी पंचाईत पुढे आहे. पळसाचा रंग उन्हात विटतो. कड उसवते, कोपरा विरतो. म्हणून जपून ठेवावा, तर देणारी तिसऱ्या दिवशी विचारते, "काहून वं, आवडला नाही का?" साडी देणारीला ती कपाटात सुखरूप आहे हे ऐकून बरं वाटतं, झेंडा देणारीला नाही. साथीदाराने दिलेली वस्तू वापरून संपवायची असते. देणारीच्या लेखी तेच आभार. मी त्या ढगाच्या झेंड्याला विसर्जनाच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढे काढते. तो आता निम्मा पिवळा, निम्मा कोणताच नाही असा झालाय आणि जाऊबाईंचा ब्लाऊजचा आग्रह आपोआप संपलाय.

तेव्हा येत्या फाल्गुनात घाटंजीच्या रस्त्याने कोणी येणार असाल, तर खाली पडलेली पळसफुलं पिशवीभर आणा. फांद्या तोडू नका. तुरटी माझ्याकडे आहे.