सुटकेची तारीख

हर्सूलच्या मध्यवर्ती कारागृहात बंद्याचे वर्तन चांगले असेल तर शिक्षेतून माफीचे दिवस वजा होतात. औषधांच्या जगात रीत नेमकी उलटी असून तेथे रेणू जितका गुणी आणि खपाऊ, तितकी त्याची कैद लांबते. पेटंट म्हणजे शोध उघड करण्याच्या मोबदल्यात अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षे मिळणारी मक्तेदारी, आणि कागदोपत्री ती मुदतबंदच असते. मात्र जैविक औषध हे जिवंत पेशींकडून घडवून घ्यावे लागत असल्याने त्या पेशी, त्यांचे खाद्य, गाळणी, मात्रा, फार झाले तर सुईसुद्धा, यांतील प्रत्येकावर निराळे पेटंट काढण्याची सोय चतुर वकिलांनी शोधली आहे. संधिवातावरील 'ह्युमिरा'चे मुख्य पेटंट अमेरिकेत 2016 मध्ये संपले, तरी भोवतीचे शंभराहून अधिक पेटंटांचे कुंपण शाबूत राहिले, आणि त्याचे जैवसमरूप, म्हणजे गुण व सुरक्षितता यांत मूळ औषधाशी जुळणारी दुसऱ्या कंपनीची आवृत्ती, तेथील रुग्णाला 2023 उजाडल्यावर दिसले. युरोपात ते 2018 मध्ये, तर भारतात झायडसमुळे 2014 मध्येच आले होते. आजार एकच असला तरी सांधे कोणत्या देशात दुखतात याला महत्त्व आहे.

इन्सुलिनच्या संशोधकांना हे व्यवहारज्ञान नव्हते. त्यांनी 1923 मध्ये आपले पेटंट टोरंटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले, आणि या अक्षम्य उधळपट्टीची भरपाई पुढील उत्पादकांनी रुग्णांच्या खिशातून चक्रवाढ दराने केली. हर्सूलपासून फार दूर नसलेल्या वाळूजला मात्र वोक्हार्टने यीस्टच्या पेशींना मानवी इन्सुलिन बनवण्याच्या कामाला जुंपले आणि 2003 मध्ये 'वोसुलिन' बाजारात आणले.

पेटंट संपले तरी धीर सोडण्याचे कारण नाही, कारण अमेरिकेने 2010 च्या कायद्याने मूळ जैविक औषधाला परवान्यापासून 12 वर्षांचा स्वतंत्र एकाधिकार दिलेला आहे. विदा-अनन्यता हा त्याचाच धाकटा भाऊ असून, तीत पहिल्या कंपनीच्या चाचण्यांच्या आधारे दुसऱ्या कंपनीला परवाना देण्यास ठरावीक वर्षे मनाई असते. भारताच्या कायद्यात ती नाही, म्हणून व्यापार-वाटाघाटींत युरोपीय पक्ष तिची मागणी पुन्हा पुन्हा पुढे करत आला आहे. जैवसमरूपाला 'बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर' असे बजावायचे आणि बापाची कागदपत्रे तेवढी वर्षे कुलुपात ठेवायची, असा तो एकूण प्रस्ताव आहे.