धीर कुणाचा सुटतो?

संथ अंतराळपट खेड्यातल्या प्रेक्षकाला झेपत नाही, असं शहरी जाणकार ठामपणे सांगतात. भंडारा जिल्ह्यात, साकोली-लाखांदूरकडे, मंडई या गावजत्रेच्या रात्री हाच प्रेक्षक थंडीत चादर गुंडाळून पहाटेपर्यंत झाडीपट्टीचं, म्हणजे तिथल्या लोकरंगभूमीचं, नाटक बघतो. हे मात्र ते जाणकार बहुधा हिशेबात धरत नसावेत.

उलट १९६८ साली न्यूयॉर्कच्या गुबगुबीत खुर्च्यांतून ‘२००१: अ स्पेस ओडिसी’चे प्रेक्षक चक्क उठून गेले. पहिला संवाद यायलाच सुमारे २५ मिनिटं! मग दिग्दर्शक स्टॅन्ली क्युब्रिकनं मुकाट्यानं १९ मिनिटं छाटली.

झाडीपट्टीच्या रंगमंचावर कुणी एवढा वेळ शून्यात बघत राहिला, तर पेटीवाला परस्पर लावणीच सुरू करेल. खालून ‘वन्स मोअर’ही येईल. अर्थात, लावणीला.