शिट्टी नसलेला कुकर

लातूर-नांदेडकडच्या स्वयंपाकघरात वेळ घड्याळात नाही, शिट्ट्यांत मोजतात. भात दोन शिट्ट्यांचा, वरण चारचं, आणि मटण 'होऊ द्या आणखी दोन' या मापाचं. शेजारच्या घरी आज पाहुणे आहेत हे गल्लीला शिट्ट्यांवरूनच कळतं. अशा घरात अमेरिकेहून सुट्टीला आलेला मुलगा एक जडशीळ, अंडाकृती भांडं ओट्यावर ठेवतो आणि सांगतो, "आई, सकाळी सगळं यात टाकायचं, झाकण लावायचं आणि संध्याकाळी जेवायला बसायचं." सगळं घर भांड्याभोवती जमतं. वाफ नाही, आवाज नाही, तासभर वाससुद्धा नाही. शेवटी आईच विचारते, "शिट्टी कामून होईना रे?"

शिट्टी होणार नसते, पण धडाका होऊ शकतो. कौतुकाने बॅगेत घालून आणलेलं हे भांडं, म्हणजे स्लो कुकर, तिकडच्या १२० व्होल्टच्या विजेसाठी बनवलेलं असतं आणि आपल्या भिंतीत असते २३० व्होल्ट. नुसती पिन बदलणारा अडॅप्टर लावून ते सुरू केलं, तर २०० वॅटचं यंत्र सातशे वॅटच्या वर वीज ओढतं. म्हणजे सावकाश शिजवण्यासाठी आणलेला कुकर काही मिनिटं भलताच वेगवान होतो आणि मग कायमचा शांत. ट्रान्सफॉर्मर घ्यावा, नाहीतर सरळ भारतातल्या विजेवर चालणारा कुकर विकत घ्यावा. दुसरा मार्ग स्वस्त, फक्त मुलाला तो सांगायची हिंमत हवी.

खरं तर हे यंत्र आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. शिकागोचे संशोधक आयर्विंग नॅक्सन यांना १९४० मध्ये त्याचं पेटंट मिळालं. त्यांच्या आईने लिथुआनियातल्या गावाची एक आठवण सांगितली होती. शब्बाथच्या विश्रामदिनी चूल पेटवायची नाही म्हणून ज्यू घरांतल्या बायका शुक्रवारी संध्याकाळीच मांस आणि कडधान्यांचं भांडं बेकरीच्या विझत चाललेल्या भट्टीत ठेवून येत. ते रात्रभर तिथेच शिजे. नॅक्सननी आपल्या यंत्राला नाव दिलं 'बीनरी', म्हणजे मूळचं हे उसळीचंच भांडं. पुढे रायव्हल कंपनीने १९७१ मध्ये ते 'क्रॉक-पॉट' नावाने बाजारात आणलं आणि नोकरी करणाऱ्या अमेरिकन बायकांनी ते डोक्यावर घेतलं. आपल्याकडे तर १९१० सालीच कोलकात्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिकांनी 'इकमिक कुकर' तयार केला होता. तळाशी कोळसे, वर एकावर एक डबे. सकाळी लावायचा आणि कामाला जायचं. पण त्यालाही शिट्टी नव्हती. त्याचं मराठवाड्यात फारसं नाव झालं नाही त्याचं कारण बहुधा हेच असावं.

चुलीच्या वैलावर दूध नि आमटी मंद ठेवणाऱ्या आज्यांना यातलं काही नवं वाटणार नाही. आणि वेळ अमावस्येला तर अख्खा लातूर जिल्हा सावकाश शिजवतो. त्या दिवशी जिल्ह्याला स्थानिक सुट्टी असते, शहरातले रस्ते ओस पडतात आणि सगळे शेतात कडब्याच्या कोपीपाशी. आंबील आधीच आंबत ठेवलेली असते. भज्जीत ओल्या तुरीचे दाणे, वाटाणा, वाल, हरभरा, शेंगदाणे, पालेभाज्या, वर चिंच आणि बेसन. सोबत बाजरीचे उंडे आणि गव्हाची खीर. ज्या बाईने आदल्या रात्रीपासून हे रांधलं तिला 'आठ तास लागतात बरं का' असं बजावणाऱ्या माहितीपुस्तिकेचं हसूच येतं. तिचा प्रश्न वेगळा असतो: आठ तास बघायचंच नाही?

बघायचं नाही, हाच खरा नियम. झाकण एकदा उघडलं की आतली जमलेली वाफ निघून जाते आणि शिजायला साधारण २० मिनिटं जास्त लागतात. एकत्र कुटुंबात हा हिशोब फार महागात पडतो. सासूबाई मीठ बघतात, जाऊ वास घेते, सासरे 'काय करायलात आज?' म्हणून डोकावतात, शाळेतून आलेलं पोर उगाच उघडतं. संध्याकाळी सातला होणारं मटण रात्री साडेआठच्या सुमारास तयार होतं आणि दोष सुनेच्या यंत्राला. झाकण काचेचं असतं ते बाहेरूनच बघण्यासाठी, एवढं घरात एकदा जाहीर करून टाकावं.

पाण्याचंही तसंच. लातूरकराला पाणी जपायला शिकवण्याचा आगाऊपणा कोणी करू नये. एप्रिल २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी त्याने पाहिलंय. पण रश्श्याच्या बाबतीत तोच माणूस कमालीचा उदार. पाहुणा वाढला की तांब्याभर पाणी वाढतं. स्लो कुकरमध्ये वाफ बाहेर फारशी जात नाही, उलट भाज्या आपलं पाणी सोडतात. म्हणून नेहमीच्या अंदाजापेक्षा तिसरा हिस्सा पाणी कमीच घालावं. बटाटा, गाजर तळाशी आणि मटण वर. कंदमुळं या मंद आचेवर मांसापेक्षा उशिरा शिजतात, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खोटंच वाटतं. येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ, सुरुवातीलाच घातलं तर तळाशी बसतं, ते शेवटच्या अर्ध्या तासात कालवून घालावं. धर्माबादची मिरची आणि लसणाची फोडणी वेगळी करून वरून ओतावी. फोडणी ही काही आठ तास धीर धरणारी वस्तू नाही.

आता तूर. लातूरच्या डाळमिल देशभर नावाजलेल्या, जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आणि नेमकी डाळच या कुकरमध्ये हट्ट करते. कारण बोअरचं जड पाणी. त्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशींना धरून ठेवतं आणि दाणा दाण्यासारखाच राहतो. त्यावर पानचिंचोळीची चिंच आधीच पडली तर विचारायलाच नको; आंबटाने डाळ आणखी अडते. चिंच, टोमॅटो, आमसूल हे सगळं डाळ मऊ झाल्यावर. पाणी आरओ फिल्टरचं घ्यावं, नाहीतर चिमूटभर सोडा.

राजमा मात्र गमतीवर नेण्याचा विषय नाही. नांदेडला सचखंड हजूर साहिबच्या दर्शनाला पंजाबातून यात्रेकरू येत असतात आणि त्यांच्यामुळे हा दाणा इथल्या दुकानांत नवा नाही. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं. मंद आचेवर ते नष्ट होत नाही. भिजवणीचं पाणी फेकून राजमा ताज्या पाण्यात गॅसवर चांगला १० मिनिटं खळखळ उकळावा आणि मगच कुकरमध्ये घालावा. हे टाळलं तर पोटाचे जे हाल होतात, त्याचं वर्णन जेवणाच्या लेखात शोभणार नाही.

आणि वीज. हे यंत्र जिथे जन्मलं तिथल्या माहितीपुस्तिकेत भारनियमनाला जागा नाही. अन्न ६० अंशांच्या खाली रेंगाळलं की जंतूंचं फावतं. घरी असताना वीज गेली तर भांड्यातलं सगळं पातेल्यात काढून गॅसवर पूर्ण शिजवावं. घरी नव्हतात आणि मधे किती वेळ वीज नव्हती ते माहीत नसेल, तर अन्न टाकून द्यावं, मटण कितीही महाग असलं तरी. डिजिटल कुकर वीज आल्यावर बहुधा बंदच राहतात, म्हणजे निदान चोरी उघड होते. गोल खटक्याचे जुन्या पद्धतीचे मात्र काहीच न झाल्यासारखे पुन्हा तापू लागतात. प्रस्तुत लेखकाच्या मते मराठवाड्यात स्लो कुकर रविवारी, माणसं घरात असतानाच लावावा.

विजेच्या बिलाची भीती मात्र बाळगू नये. २०० वॅटचा कुकर आठ तास चालला तरी दीड युनिटच्या आसपास वीज लागते. 'लो' आणि 'हाय' दोन्हींत शेवटी उकळीच्या जवळचंच तापमान येतं, फक्त 'हाय'वर ते लवकर येतं. भांडं निम्मं ते पाऊण भरलेलं हवं, म्हणून चार-पाच माणसांच्या घराने उगाच गावजेवणाच्या मापाचं घेऊ नये. बोकडाचं जून, हाडाचं मटण यात जसं मऊ होतं तसं शिट्ट्यांनी होत नाही. गव्हाची खीरही उत्तम होते, फक्त गूळ गहू मऊ झाल्यावर आणि दूध ताटात वाढताना. भज्जीही जमते. रोजचं तुरीचं वरण मात्र प्रेशर कुकरलाच लावा, चार शिट्ट्यांत होतं.