भ आणि म यांच्यामधली फट

प्लायवूडच्या दुकानात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मिस्त्री कुठायत?" सुरुवातीला मी खरं सांगायचे की मिस्त्री नाहीत, मलाच हवंय, तीन एमएमचं, फूट बाय फुटाचे आठ तुकडे. त्यावर दुकानदार माझ्याकडे आणि माझ्या हातातल्या भाजीच्या पिशवीकडे आळीपाळीने बघत बसायचा. पिशवीतून मेथी डोकावत असायची. आता मी "मिस्त्री घरी आहेत" एवढंच म्हणते. खोटं नाही ते. मी घरी पोचले की असतातच.

शाळेतून निवृत्त झाले तेव्हा बरोबरीच्या दोघी चारधामला गेल्या, एकीने गुडघे बदलून घेतले. मी स्क्रोल सॉ घेतला. आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटला ड्राय बाल्कनी आहे. तिथे वॉशिंग मशीनच्या शेजारी त्याची स्थापना झाली. नवऱ्याने यंत्राभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "याने नेमकं काय होतं?" मी म्हटलं, "लाकडात नक्षी कापता येते." "आणि मग?" या "आणि मग"चं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही. नंतर कळलं, की मग ती नक्षी लोकांना द्यायची असते. घरात किती ठेवणार!

हे यंत्र म्हणजे शिवणयंत्राचा सुतारकामात गेलेला भाऊ. जुन्या काळी तर ते पायडल मारूनच चालवत. सुई वरखाली होते तसं पाच इंची पातं वरखाली होतं, आणि कापडासारखं लाकूड दोन्ही हातांनी हलके फिरवत न्यायचं. पातं काडीपेटीतल्या काडीहून बारीक. मधली जाळी कापायची तर आधी गिरमिटाने भोक पाडा, पात्याचं एक टोक सोडवा, ते भोकातून ओवा, पुन्हा अडकवा, ताण द्या. म्हणजे सुईत दोरा ओवायचा नाही, कापडात सुई ओवायची. जाळीला चाळीस भोकं असली की हे चाळीस वेळा.

ताण बरोबर बसला का, हे पातं बोटाने छेडून बघतात. ढिलं असेल तर भदभद वाजतं, नीट ताणलेलं असेल तर तारेसारखं झणकतं. आमच्या घरी नाट्यसंगीत चोवीस तास लागलेलं असतं, त्यामुळे माझं पातं वाजलं की हॉलमधून नवऱ्याचा आवाज येतो, "उतरलंय!" बाकी माझ्या या उद्योगात त्यांचा हात नाही, पण स्वर लावून देण्याचं काम ते निष्ठेने करतात.

पात्याला आणखी एक खोड असते. ते बनवताना एका बाजूला किंचित कोर राहते, त्यामुळे ते त्या बाजूला जास्त चावतं. तुम्ही सरळ ढकललंत की रेघ हटकून बाजूला सरकते. सरळ कापायचं असेल तर लाकूड थोडं तिरकं धरावं लागतं. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर माझा पहिला मोर कोंबडा झाला नसता. तो कोंबडा माझ्या जावेकडे आहे. तिने तो मोर म्हणूनच स्वीकारला. घेणाऱ्याच्या अंगी काय कला असावी लागते ते मला त्या दिवशी समजलं.

पण मला सांगायचं आहे ते अक्षरांबद्दल. लाकडात नावं कापायला लागले आणि आपल्या लिपीकडे मी नव्याने बघायला लागले. इंग्रजी नाव कापलं की प्रत्येक अक्षर सुटं होऊन टेबलावर पडतं. मग ती पट्टीवर चिकटवत बसा, नाही तर एकमेकांत घुसवा. आपल्याकडे डोक्यावर शिरोरेषा आहे. अख्खं नाव एका दांडीला धरून उभं राहतं, लोकलमध्ये कडीला धरून माणसं उभी असतात तसं. ज्या कोणी ही रेघ पहिल्यांदा ओढली त्याला सुतारकाम येत असणार, असं माझं मत झालं आहे.

अर्थात सगळेच प्रवासी धडधाकट नसतात. अनुस्वार कशालाच धरून नसतो. 'चंद्रकांत' कापलं तेव्हा दोन टिंबं भुशात पडली. भुसा चाळणीने चाळला तेव्हा एक मिळालं, दुसरं तुरीच्या डाळीतून उचलून लावलं, वर रंग दिला. चंद्रकांतभाऊजींना अजून माहीत नाही. विसर्ग त्याहून वाईट, तो तर बाहेरच उभा असतो. उकार खाली लोंबतात आणि पॉलिश पेपर मारताना तुटतात. आणि सगळ्यात नाजूक नाव कोणतं म्हणाल, तर 'गणेश'. ग, ण आणि श, तिघांचेही काने बाकीच्या अंगापासून सुटे. तिन्ही अक्षरं फक्त वरच्या रेघेच्या भरवशावर. विघ्नहर्त्याचं नाव कापायला घ्यावं आणि त्यातच सगळी विघ्नं असावीत! तरी आमच्याकडे ते दर भाद्रपदात कापावं लागतं. 2018 साली थर्माकोलवर बंदी आली आणि घरचं मखर माझ्या वाट्याला आलं. तोवर ते दीर करायचे, तापलेल्या तारेने, सगळ्या घराला वास आणत.

तर भारतीवहिनी. आमच्या समोरच्या दारात राहतात. साठी जवळ आल्यावर त्यांनी घरात शिवणक्लास काढला. मी म्हटलं, पाटी माझ्याकडून. सहा एमएमचं सागवान आणलं. सागवान दिसायला देखणं, पण पात्याची धार खातं. तीन पाती गेली. 'भारती शिवण क्लास', दोन ओळी, खाली वेलबुट्टी.

आता भ बघा. त्याच्या डाव्या टोकाला जी गाठ असते ती शिरोरेषेला टेकत नाही, मध्ये फट असते. म्हणजे भ चा तो हात खालच्या गाठीवर नुसता वर उभारलेला असतो, आधाराशिवाय. पॉलिश पेपर लागला की मोडलाच. म्हणून मी हुशारी केली. फट कापली नाही. म्हटलं, घासून-पुसून झालं की शेवटी एक बारीक चीर देऊ. मग घासलं. पॉलिशचा एक हात दिला, वाळू दिला, दुसरा दिला, तिसरा दिला. वास्तविक तीन हातांत तीन वेळा ते अक्षर मी जवळून पाहिलं होतं.

पाटी लागली. नारळ फुटला. पेढे वाटले. वहिनींचे यजमान सुभाषराव दारासमोर उभे राहून चष्मा वर-खाली करत होते. मग त्यांनी मोठ्यांदा वाचलं.

"मारती शिवण क्लास."

कोणी बोलेना. भारतीवहिनी पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभ्या.

"नाही, म्हणजे बरोबरच आहे," सुभाषराव म्हणाले. "आमच्या साताऱ्याकडं असंच म्हणत्यात. फक्त कर्ता घातला नाही तुम्ही. पण ते सगळ्यांना माहितीये."

मी 33 वर्षं दुसरी-तिसरीला मराठी शिकवलं आहे. किती वह्यांत मी भ ची फट लाल पेनाने दाखवली असेल, किती घ आणि ध सोडवले असतील, त्याला हिशेब नाही. 'फट कुठे आहे?' हे माझं वाक्य शाळेत इतकं प्रसिद्ध होतं की मुलं मधल्या सुट्टीत माझी नक्कल करायची. त्या बाईने सागवानात, तीन हात पॉलिश मारून, कायमचं 'मारती' लिहिलं.

मी लगेच म्हटलं, काढून द्या, चीर पाडून देते. वहिनी म्हणाल्या, "राहू द्या हो वन्सं, छान दिसतंय." त्या मला वन्सं म्हणतात, नात्यात काही नसताना. त्यांनी पाटी काढू दिली नाही. मला वाटलं, आज दिवस शुभ आहे म्हणून असेल.

त्यानंतर काही दिवस मी नावांच्या वाटेला गेले नाही. नकाशांकडे वळले. जिगसॉचं कोडं निघालं तेच मुळी नकाशावरून. 1760च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी नावाच्या माणसाने लाकडी फळीवर नकाशा चिकटवला आणि देशांच्या सीमांवरून करवत फिरवली, मुलांना भूगोल शिकवायला म्हणून. मी ठरवलं, भाचीच्या मुलाला महाराष्ट्र कापून द्यायचा, एकेक जिल्हा एकेक तुकडा. मी शाळेत पाठ केले तेव्हा 26 जिल्हे होते. शिकवायला लागले तेव्हा 30. कापायला बसले तेव्हा 36. आळशीपणा न करता लहानपणीच बसले असते तर दहा तुकडे वाचले असते.

विदर्भ एका बैठकीत झाला. रत्नागिरीच्या खाड्यांनी मात्र दोन पाती घेतली, कुठे सरळ जाऊच देत नाहीत. अहमदनगर तळहाताएवढं, आणि मुंबई शहर निघालं हरभऱ्याच्या डाळीएवढं. मुलगा सात वर्षांचा, धाकटी बहीण दीड वर्षाची आणि सगळं तोंडात घालणारी. मुंबई गिळली जाण्याची शक्यता होती, तशी ती नेहमीच असते. म्हणून शहर आणि उपनगर फेव्हिकॉलने एकत्र केले. तरी आठवड्याभरात भाचीचा फोन. "मावशी, मुंबई महाराष्ट्रातून गेली." सोफा हलवल्यावर सापडली.

पुढे 2023 साली औरंगाबाद आणि उस्मानाबादची नावं बदलली, 2024 मध्ये अहमदनगरचं. दोन्ही वेळा ते तुकडे कुरियरने माझ्याकडे आले, मी घासून नवी नावं रंगवून परत पाठवली. बाकीचा महाराष्ट्र तोवर भोकांसकट तिकडे थांबून होता. अहिल्यानगरला जागा पुरली. छत्रपती संभाजीनगरसाठी मात्र शून्य नंबरचा ब्रश आणावा लागला.

संक्रांतीचं वाण मात्र मी एकदाच केलं. गरम भांड्याखाली ठेवायच्या चकत्या, दोन डझन. तीन एमएमच्या चार फळ्या एकावर एक रचायच्या, कडेने चिकटपट्टी गुंडाळायची आणि एकदम कापायच्या. सहा थप्प्यांत चोवीस. नक्षीच्या कागदावरही पारदर्शक चिकटपट्टी लावली की पातं घसरत जातं आणि लाकूड करपत नाही. असल्या युक्त्या मी हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीला सांगितल्या, कोणीही विचारलं नव्हतं तरी. तिळगूळ चघळत सगळ्या ऐकून घेत होत्या. एकीने विचारलं, "कितीला पडली गं होलसेलमध्ये?" मी म्हटलं, मी केल्या. ती म्हणाली, "चल! विकतच्यासारख्या आहेत की." हा सगळ्यात मोठा गौरव समजायचा. पूर्वी रुखवतात हातचं काही ठेवलं की बायका उलटून मागची शिवण बघायच्या. आता उलटून किमतीचं लेबल शोधतात.

त्या चोवीसपैकी किती कामाला लागल्या म्हणता? ज्यांच्या घरी गेले त्या बहुतेकांच्या शोकेसमध्ये होत्या. "वापरायला जीव होत नाही गं." अगं, पण ती चकती आहे! तिच्यावर कुकर ठेवायचा असतो. आपण जीव लावून एखादी वस्तू करायची आणि तिने जन्मभर काचेआड बसायचं, हे मला फारसं पटत नाही. एकीकडे मात्र ओट्यावर दिसली. काळीठिक्कर, मधोमध कुकरच्या बुडाचं वर्तुळ, एका पाकळीचा तुकडा उडालेला. ती बाई मला दिसू नये म्हणून घाईघाईने फडकं टाकत होती. मी तिला दुसऱ्या दिवशी आणखी दोन नेऊन दिल्या. 

भारतीवहिनींची नवी पाटीही मी मध्ये केली. या वेळी भ ची फट इतकी मोठी ठेवली की त्यातून पोस्टकार्ड आत गेलं असतं. त्यांनी ती डोळ्यांना लावली, कौतुक केलं आणि आत मशीनच्या वर टांगली. दारावर जुनीच. का, तर क्लासच्या पोरी तिच्याखाली उभ्या राहून फोटो काढतात. फोनवर लोक "मारती क्लास तोच का?" असं विचारून येतात. तीन बॅचेस झाल्या. सुभाषराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "पाटीवर आधीच लिहिलंय, नंतर तक्रार नको." रोज सकाळी दूध घ्यायला दार उघडते तेव्हा समोर माझी चूक, सागवानात, अजून चकचकीत. पॉलिश चांगलं बसलं आहे, हेही मला नाइलाजाने दिसतं.

परवा संध्याकाळी क्लासला आलेल्या कुणाचा तरी मुलगा जिन्यात बसून त्या पाटीची अक्षरं लावत होता. "मा, र, ती."

माझ्याने राहवलं नाही. "मारती नाही रे, भारती. तो भ आहे."

त्याने पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"मग फट कुठाय?"

मी दार लावून घेतलं. सकाळी दूध घ्यायला उघडलं तर पाटीवर, नेमक्या जागी, लाल स्केचपेनची एक बारीक रेघ होती. जिन्याच्या कठड्यावर चढून काढली असणार. थोडी उजवीकडे सरकली आहे. हात दुसरीतलाच वाटतो.