सबबीचा रकाना

गोल्फ-सहलींची माहितीपत्रकं मुळात इंग्रज माणसासाठी लिहिलेली असतात. 'वर्षातले तीनशे दिवस लख्ख ऊन!' असं वर ठळक छापलेलं असतं आणि खाली अर्ध्या चड्डीतलं एक गुलाबी जोडपं त्या उन्हाकडे बघून कृतार्थ हसत असतं. मँचेस्टरच्या रिपरिपीत हे वाचणारा माणूस तडक बॅग भरायला घेत असणार. पण पुण्यात, एप्रिलच्या दुपारी, पडदे ओढून आणि पंखा पाचवर ठेवून बसलेल्याला उन्हाचं आमिष दाखवणं म्हणजे पंढरपुरात बुक्का विकायला नेणं.

जुलै उजाडला की मात्र आमचाही इंग्रज होतो. चेंडू पडतो तिथेच रुततो. त्याला शोधायला गेलेला माणूस परत येतो तो एका पायातला बूट शोधत. बंकरमध्ये वाळूच्या जागी पाणी आणि पाण्यात बेडूक. दोन आठवडे असे काढले की कर्नलसाहेब क्लबच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागतात आणि चहा देणाऱ्या पोऱ्यालाही 'सावधान'मध्ये उभं करतात. तेव्हा ठरलं की पुढच्या जुलैत ऊन गाठायचं, आणि त्यासाठी एप्रिलमध्येच बैठक घ्यायची.

बैठकीला चौघं. कर्नलसाहेब, ज्यांना लष्कराने निवृत्तिवेतन आणि गोल्फ अशा दोन गोष्टी जन्मभरासाठी दिल्या. वकीलसाहेब, ज्यांना गोल्फचे नियम कलम-पोटकलमांसह पाठ आहेत आणि चेंडू अधूनमधून लागतो. डॉक्टरबाई, ज्यांचा हँडिकॅप बारा आहे आणि ज्या फारसं बोलत नाहीत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असावा. चौथा मी, इतिवृत्त लिहायला.

कर्नलसाहेबांनी पहिलीच अट घातली, "प्रवास लांबचा पाहिजे. निदान आठ तास विमानात गुडघे आखडल्याशिवाय परदेश वाटत नाही."

त्यामुळे दुबई आधी गेली. तिथल्या एमिरेट्स क्लबचा मजलिस कोर्स १९८८ मध्ये वाळवंटात हिरवळ अंथरून उभा केला. त्याआधी त्या भागात वाळूवरच खेळत, असं सांगून वकीलसाहेबांनी वजन टाकायचा प्रयत्न केला. "तीन तास!" कर्नलसाहेब म्हणाले. "तीन तासांत आपण पुण्याहून मुंबईच्या विमानतळालाही लागत नाही." शिवाय जुलैत तिथे पारा चाळिशीच्या पुढे असतो. म्हणून लोक रात्री दिव्यांच्या उजेडात खेळतात. उन्हासाठी जायचं आणि ऊन टाळून रात्री खेळायचं, हे इतिवृत्तात कसं लिहायचं ते मला समजेना.

थायलंडवर मात्र सगळ्यांचा जीव होता. हुआ हिनचा कोर्स १९२४ चा, रेल्वेने बांधलेला, स्टेशनला खेटून. तिथे प्रत्येक खेळाडूमागे एक कॅडी घ्यावीच लागते. ती छत्री धरते, चेंडू पुसते, आणि कितीही वाईट फटका मारला तरी चेहऱ्यावरची रेषा हलू देत नाही. आमचे इथले कॅडी फटका मारायच्या आधीच हताश होतात, त्या मानाने हे फारच सुखाचं. पण जुलैत तिथेही पाऊसच. पावसातून पळून पावसात जायला विमान कशाला? डॉक्टरबाईंनी त्यावर काट मारली.

मग अमेरिका. फ्लोरिडातल्या सॉग्रासचा सतरावा होल जगप्रसिद्ध आहे, कारण त्याचं ग्रीन जवळजवळ बेटच आहे. टी आणि ग्रीनच्या मध्ये फक्त पाणी, आणि त्या पाण्यातून दर वर्षी लाखाच्या वर चेंडू काढतात. "आपण गेलो तर त्या वर्षीचा आकडा वेगळा छापावा लागेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या बैठकीतलं त्यांचं हे पहिलं वाक्य. पण उन्हाळ्यात फ्लोरिडात रोज दुपारी विजा कडाडतात आणि भोंगा वाजला की सगळे क्लबहाऊसकडे पळतात. हातात धातूची काठी उंचावून मोकळ्या मैदानात उभं राहण्याच्या खेळाला विजांचा प्रदेश विशेष अनुकूल नाही. कॅलिफोर्नियाच्या पेबल बीचला विजा नाहीत. तिथे उन्हाळ्यात धुकं असतं आणि एका फेरीची ग्रीन फी सहाशे डॉलरच्या वर. एवढे पैसे मोजून समुद्र दिसणार नसेल, तर आपला लोणावळा काय वाईट, असं वकीलसाहेबांनी विचारलं.

ऑस्ट्रेलियाने कर्नलसाहेबांना भुरळ घातली. तिथे नलर्बर लिंक्स नावाचा जगातला सर्वांत लांब कोर्स आहे. होल अठराच, पण लांबी १३६५ किलोमीटर. सेडुना गावातून निघायचं आणि कालगुर्लीला पोचायचं. एक होल खेळला की गाडीत बसायचं आणि कित्येक किलोमीटरवर पुढचा. "मोहीम आहे ही!" कर्नलसाहेबांनी टेबलावर मूठ आपटली. वकीलसाहेबांनी दुसराच कोर्स काढला. कूबर पेडी या ओपल खणणाऱ्यांच्या गावात गोल्फ कोर्सवर गवताचं पातं नाही. टीवर चेंडू ठेवण्यापुरता हिरवळीचा तुकडा आपला आपण बरोबर वागवायचा. आणि त्या क्लबचा स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजशी, म्हणजे गोल्फच्या काशीशी, एकमेकांच्या सभासदांना खेळू देण्याचा करार आहे. वकीलसाहेबांना तो करार वाचायचा होता. खेळायचं असं काही नव्हतं.

मॉरिशसला आठ तासांची अट सोडली तर सगळं जमत होतं. मुंबईहून थेट विमान आणि आपल्याला व्हिसाची कटकट नाही. बर्नहार्ड लँगरने एका छोट्या बेटावर आखलेला कोर्स आहे, तिथे होडीतून जायचं. वर तिथे आपली मराठी मंडळी आहेत आणि गणेश चतुर्थीला चक्क सार्वजनिक सुट्टी असते. पण जुलैत आग्नेयेकडून वारा सुटतो आणि दिवसदिवस वाहत राहतो. "वाऱ्यात माझा चेंडू उजवीकडे जातो," कर्नलसाहेब म्हणाले. तो वारा नसतानाही जातो, पण निवृत्त अधिकाऱ्याला असं कोणी बोलत नाही.

बैठक अशी तीन रविवार चालली. वकीलसाहेबांच्या तक्त्यात तापमान, पाऊस, विमानभाडं, ग्रीन फी, व्हिसा असे रकाने होते आणि कोणत्याच ठिकाणाची बेरीज जुळत नव्हती. तेव्हा डॉक्टरबाईंनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि शेवटी एक रकाना वाढवला: 'स्कोअर वाईट आल्यास कारण'.

क्षणभर सगळे गप्प. मग एकेकाच्या चेहऱ्यावर उजेड पडत गेला. आम्ही इतके दिवस ऊन शोधत होतो असं आम्हाला वाटत होतं. गोल्फ खेळणारा माणूस ऊन शोधत नाही. सात हजार किलोमीटर जाऊन, लाखांनी पैसे खर्चून एकशे दहाचा स्कोअर घेऊन तो घरी येणार असतो. बायकोला, क्लबला आणि स्वतःला सांगायला त्याला काहीतरी भक्कम लागतं. पुण्यातल्या सबबी पुण्यात झिजलेल्या असतात, त्यांवर कॅडीसुद्धा विश्वास ठेवत नाही. परदेशी सबबीचा भाव वेगळा.

रकाना भरायला घेतला. दुबई: उष्मा. एकच. थायलंड: पाऊस, म्हणजे घरचीच सबब. दक्षिण आफ्रिका: उंची, विरळ हवा, थंडी, वेगळं गवत, माकडं, मगरी, सिंह. ओळ पुरेना. जुलैत केप टाउनकडे पाऊस असतो, पण उत्तरेला, जोहान्सबर्गच्या पठारावर आणि क्रूगरच्या जंगलात, हिवाळा कोरडा आणि ऊन लख्ख. ठराव एकमताने मंजूर.

प्रवासाचं थोडक्यात सांगतो. गोल्फची बॅग विमानात नेणं हा वेगळा संसार आहे. नियमाने चौदा काठ्या चालतात आणि आम्ही त्यांतल्या पाच वापरतो, पण उरलेल्या नऊ घरी ठेवल्या तर नेमक्या त्याच लागतील ही भीती. मुंबईच्या काउंटरवर बॅगेचं वजन जास्त भरलं. बॅग उघडली. कर्नलसाहेबांच्या काठ्यांच्या मधल्या खणात वहिनींनी भडंगाचे दोन डबे सरकवले होते. ते आम्ही तिथेच उभ्याने संपवायला घेतले आणि काउंटरवरच्या मुलीनेही हातभार लावला.

जोहान्सबर्ग सतराशे मीटर उंचीवर आहे. पहिल्या सकाळी साडेसहाला आम्ही टोप्या, गॉगल, सनस्क्रीन अशा तयारीने कोर्सवर हजर झालो, तर सगळं मैदान पांढरं. हिम! "गवत गोठलंय. पाय पडला तर मोडेल. तासभर थांबा," स्टार्टर म्हणाला. ऊन स्वच्छ पडलं होतं. फक्त त्यात ऊब नव्हती. माहितीपत्रकात दोन्हींचा उल्लेख वेगवेगळा करायला हवा. हिम वितळलं तेव्हा खालचं गवत दिसलं, तेही पिवळटकरडं. तिथलं किकुयू गवत हिवाळ्यात झोपी जातं. पुण्याच्या पावसात निदान हिरवं तरी असतं, हे कोणी तरी म्हणालं आणि बाकीच्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

पण पहिला फटका बसला आणि सगळं माफ झालं. विरळ हवेत चेंडू लांब जातो. पुण्यात दोनशे यार्डांवर दमणारा कर्नलसाहेबांचा चेंडू दोनशे पंधरावर जाऊन पडला. त्यांनी याचं श्रेय ताबडतोब नव्या ग्रिपला दिलं. पुढच्या होलवर चेंडू ग्रीन ओलांडून झाडीत गेला, तेव्हा श्रेय हवेकडे वर्ग झालं. एकाच हवेने एका दिवसात इतकी दुहेरी नोकरी केल्याचं मी प्रथमच पाहिलं.

तिथून सन सिटी, पिलान्सबर्ग या विझलेल्या ज्वालामुखीच्या कडेला. इथे गॅरी प्लेअरच्या कोर्सवर १९८१ च्या अखेरीस सुरू झालेल्या स्पर्धेत दहा लाख डॉलरची बक्षिसं होती, म्हणून तिचं नावच मिलियन डॉलर. त्या मातीवर आम्ही होलमागे दहा रँडची पैज लावली. नऊ होलांनंतर हाफवे हाऊसला थांबायची तिथे पक्की रीत आहे. वकीलसाहेबांनी टोस्ट सँडविच मागवलं, त्यावर एक माकड आलं आणि घेऊन गेलं. वकीलसाहेब उरलेले नऊ होल सँडविचच्या दुःखात खेळले आणि तसं त्यांनी स्कोअरकार्डाच्या मागे नोंदवूनही ठेवलं.

खरी गंमत शेजारच्या लॉस्ट सिटी कोर्सच्या तेराव्या होलवर. टी उंचावर, ग्रीन खाली, आणि मध्ये एक डबकं. त्यात खऱ्या मगरी. आम्ही गेलो तेव्हा त्या उन्हात पडून होत्या आणि आमच्या स्विंगकडे अजिबात लक्ष देत नव्हत्या, जे आमच्या क्लबच्या सभासदांना कधी जमलेलं नाही. कर्नलसाहेबांचा चेंडू डबक्यात बुडाला.

"धोकादायक प्राणी," कर्नलसाहेब हात वर करून म्हणाले. "नियम १६.२. दंडाशिवाय ड्रॉप."

वकीलसाहेब या क्षणासाठी इतकी वर्षं जगले होते. "मला सांगा, कर्नलसाहेब, मगर नसती तर हा चेंडू तुम्ही पाण्याखालून खेळला असतात?"

"नाही."

"म्हणजे तुमची अडचण पाणी आहे. मगर नव्हे. त्याच नियमात तसं स्पष्ट आहे. एक दंड."

"मगर निर्दोष?"

"सन्मानपूर्वक मुक्त."

डॉक्टरबाईंनी तोवर चेंडू ग्रीनवर टाकला होता. दोन पट्समध्ये पार करून त्या पुढच्या टीकडे निघाल्याही होत्या.

शेवटचा मुक्काम क्रूगर अभयारण्यातलं स्कुकुझा. नऊ होलांचा हा कोर्स मुळात तिथल्या कर्मचाऱ्यांसाठी केलेला. कुंपण नाही. शेजारच्या तळ्याचं नाव लेक पॅनिक. खेळायच्या आधी एका कागदावर सही करावी लागते की प्राण्यांनी काही केलं तर जबाबदारी आमची. बाकीच्यांनी पटकन सह्या केल्या. वकीलसाहेबांनी चष्मा लावला आणि दुसऱ्या परिच्छेदात एक दुरुस्ती सुचवली. मागे ताटकळणाऱ्या चार डच खेळाडूंनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यापुढे सिंह परवडला असता.

आणि मग घात झाला. त्या दिवशी सगळं उत्तम होतं. वारा नाही, हिम नाही. उंचीचंही काही नाही, कारण जंगल सखल भागात आहे. जुलैचं मऊ ऊन, सव्वीस डिग्री. इंपाला हरणं फेअरवेच्या कडेला उभी राहिली, पण टीऑफच्या वेळी मानही हलवली नाही. रानडुकरांनी आम्हाला वाट दिली. सिंह फिरकला नाही. लेक पॅनिकमधल्या पाणघोड्यांनी साधा हुंकारही भरला नाही. रकान्यातली एकेक सबब डोळ्यांदेखत खोडली जात होती आणि कर्नलसाहेबांचा चेहरा उतरत होता. नऊ होलांत डॉक्टरबाई एकेचाळीस. कर्नलसाहेब त्रेसष्ट.

संध्याकाळी जेवताना कोणी त्यांना विचारलं नाही. त्यांनी स्वतःच विषय काढला.

"इतक्या चांगल्या हवेत," ते गंभीरपणे म्हणाले, "माणसाचं लक्षच लागत नाही."

पुण्याला परतलो तेव्हा पाऊस चालूच होता. कॅडीने विचारलं तेव्हा कर्नलसाहेब मगरींबद्दल बोलले, आकड्याबद्दल नाही. पुढच्या जुलैसाठी वकीलसाहेबांनी नवा तक्ता केला आहे. त्यात तापमान, भाडं, ग्रीन फी हे सगळं मागे ढकललं असून सबबीचा रकाना पहिला आला आहे. सध्या मॉरिशस सर्वांत पुढे आहे. तिथला वारा दिवसदिवस वाहतो, आणि मोसम सहसा चुकवत नाही.