तीस सेकंद गप्प

घड्याळाची अट एकच : हात टेकवून बसायचं, दुसऱ्या हाताचं बोट बाजूच्या बटणावर ठेवायचं आणि तीस सेकंद हलायचं-बोलायचं नाही. अट घालणारा मुंबईतल्या करी रोडच्या चाळीत राहिलेला नसणार.

शेजारच्या तात्यांना मुलाने ते ईसीजी काढणारं घड्याळ दिलं. पहिल्याच ईसीजीला दारावरून तिघांनी विचारलं, "काय तात्या, बरं ना?" तात्या माणुसकीचे, तिघांनाही सविस्तर उत्तर दिलं. घड्याळाचा निकाल : अनिर्णित. "म्हणजे मॅच ड्रॉ," म्हणत त्यांनी पुन्हा बोट ठेवलं.

एरवी घड्याळ पाठीमागच्या हिरव्या दिव्यांवर काम करतं. रक्त हिरवा प्रकाश शोषतं, त्यावरून ठोक्यांमधलं अंतर मोजलं जातं. ते वारंवार वेडंवाकडं आलं की इशारा : एट्रियल फिब्रिलेशन असू शकतं. त्यात हृदयाचे वरचे कप्पे धड आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. रक्त साकळतं, गुठळी मेंदूत गेली तर पक्षाघात. गिरणीत साचेखात्यात हयात गेलेल्या तात्यांना हे लगेच पटलं. "साचा धडधडतोय, पण कापड निघत नाही!" कुठल्याही डॉक्टरने इतकं सोपं सांगितलेलं मी ऐकलं नाही.

अमेरिकेतल्या अ‍ॅपल हार्ट स्टडीत चार लाखांहून अधिक लोक होते. इशारा आला जेमतेम अर्ध्या टक्क्याला. त्यांतल्या ज्यांनी नंतर छातीला पट्टी लावून तपासलं, त्यांपैकी 34 टक्क्यांत हे दुखणं सापडलं. ते येतं-जातं, म्हणून उरलेले सुटलेच असंही नाही. आणि हार्ट अटॅक या घड्याळाला कळत नाही, हे तात्यांना दोनदा सांगावं लागलं. "छातीत दुखलं तर केईएम हॉस्पिटल आहेच," ते म्हणाले. 1968 साली डॉ. पी. के. सेन यांनी देशातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण तिथेच केलं, याचा त्यांना स्वतः केल्यासारखा अभिमान.

तात्यांच्या घरच्या काकूंचा मात्र घड्याळाच्या या अटीवर राग होता. मग मी आइंटहोवेन यांची गोष्ट सांगितली. ईसीजीसाठी 1924 चं नोबेल मिळालेला हा माणूस. त्यांचं यंत्र पावणेतीनशे किलोंच्या आसपास, चालवायला पाच जण, आणि रुग्णाचे दोन्ही हात व एक पाय मिठाच्या पाण्याच्या बादल्यांत. काकूंनी घड्याळाला हात जोडले. "तीन बादल्या? पाणी येतं पहाटे, तेही तासभर!"

शांततेची एकच जागा उरली होती : गॅलरीच्या टोकाचा संडास. तात्यांनी आत जाऊन कडी लावली, हात गुडघ्यावर टेकवला. लय एकदम नियमित आली, ठोके मात्र शंभरच्या वर. बाहेर दोघे जण डबा घेऊन दार वाजवत होते.